जुन्या टर्बो कूपेचा ड्राइव्हशाफ्ट: पूर्ण बदलावा, की झिजलेले भाग तेवढेच बदलावेत?

सहावा गिअर

नमस्कार. माझ्याकडे ११ वर्षे जुनी, मागच्या चाकांवर चालणारी टर्बो कूपे आहे. गाडी आजवर १,१८,००० किलोमीटर धावली असून गेली तीन वर्षे ती दीड-दोन महिन्यांतून एकदा ट्रॅकवर जाते. इंजिनाचा मूळ टॉर्क ४०० न्यूटन-मीटर होता, रीमॅपनंतर (इंजिनाच्या संगणकातील प्रोग्रॅम बदलल्यावर) तो ४८० च्या आसपास गेला आहे. स्प्रिंग बदलल्यामुळे गाडी मूळ उंचीपेक्षा २५ मिलिमीटर खाली बसते.

गेल्या काही महिन्यांत मला तीन गोष्टी जाणवू लागल्या आहेत. जागेवरून निघताना, क्लच सुटत असतानाच, सीटखालून दोन-तीन सेकंद थरथर येते आणि गाडीने वेग घेताच ती थांबते. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला, की पायाखाली 'ठक्' असा एकच आवाज होतो. तिसरी गोष्ट म्हणजे ताशी १०५ ते ११५ किलोमीटरच्या दरम्यान एक घुमणारा आवाज येतो आणि तो कानांपेक्षा पाठीला अधिक कळतो.

लिफ्टवर घेऊन पाहिले तेव्हा गिअरबॉक्समागच्या रबर कपलिंगवर बोल्टच्या भोकांच्या मध्ये भेगा दिसल्या. शाफ्टला मध्यावर धरणाऱ्या सेंटर बेअरिंगचे रबर एका बाजूला दबलेले आहे. चाकाला फिरवणाऱ्या उजव्या हाफ शाफ्टच्या बाहेरच्या बूटला (जॉइंटवरच्या रबरी आवरणाला) बारीक चीर असून रिमच्या आतल्या बाजूवर ग्रीसचे शिंतोडे आहेत. मधला क्रॉस (शाफ्टचे तुकडे कोनात जोडणारा जॉइंट) हाताने हलवून पाहिला; प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला नाही, पण शाफ्ट गाडीत असताना ही तपासणी कितपत भरवशाची असते, याची मला शंका आहे.

एका मेकॅनिकच्या मते पूर्ण प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब शाफ्ट) आणि दोन्ही हाफ शाफ्ट नवे बसवावेत. दुसऱ्याच्या मते केवळ रबर कपलिंग बदलून गाडी चालवावी. काम मी स्वतः करणार आहे आणि त्यासाठी सलग दोन दिवस लिफ्ट मिळणार आहे. चांगला भाग उगाच काढून फेकावा असे मला वाटत नाही, पण ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर शाफ्ट सुटण्याचा धोकाही पत्करायचा नाही. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

मोजपट्टी

आपण लक्षणे नीट वेगळी करून लिहिली आहेत, त्यामुळे अर्धे काम झाले आहे. भाग मागवण्यापूर्वी एक संध्याकाळ मोजमापाला द्यावी, अशी माझी विनंती आहे. ड्राइव्हलाइनमधील प्रत्येक भाग ठरावीक गतीने फिरतो, आणि त्यातील दोष त्याच गतीच्या ठरावीक पटीत थरथर निर्माण करतो. ही पट ओळखता आली, तर गाडी उघडण्यापूर्वीच संशयितांची यादी निम्म्यावर येते.

मागच्या टायरचा घेर साधारण २ मीटर धरू. ताशी ११० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३०.५ मीटर, अर्थात चाकाचे सेकंदाला साधारण १५ फेरे. चाकाचा असमतोल असेल, तर तो १५ हर्ट्झच्या (सेकंदाला १५ वेळा) आसपास दिसेल. हाफ शाफ्टही चाकाच्याच गतीने फिरतात. पण त्यांचा आतला जॉइंट तीन रोलरचा, म्हणजे ट्रायपॉड पद्धतीचा असतो, आणि त्याच्या झिजेची थरथर प्रत्येक फेऱ्याला तीनदा, म्हणजे ४५ हर्ट्झच्या जवळ येते. प्रोपेलर शाफ्ट मात्र चाकाच्या गतीला डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांमधील गिअरसंचाच्या) गुणोत्तराने गुणून येणाऱ्या गतीने फिरतो. त्याचा असमतोल फेऱ्यामागे एकदा धक्का देतो आणि क्रॉसमधील दोष दोनदा.

क्रॉसचा धक्का दोनदा का, हे समजून घेण्यासारखे आहे. गेरोलामो कार्डानो यांच्या नावाने ओळखला जाणारा आणि सतराव्या शतकात रॉबर्ट हूक यांनी अभ्यासलेला हा जॉइंट कोनात फिरताना गती एकसारखी पोहोचवत नाही. आत येणारी गती स्थिर असली, तरी बाहेर पडणारी गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. कोन ३ अंशांचा असेल, तर हा चढउतार सुमारे ०.१४ टक्के असतो. ६ अंशांना तो जवळपास चौपट होतो. दुसरा क्रॉस तितक्याच कोनात आणि योग्य दिशेने बसवलेला असला, तर पहिल्याचा चढउतार तो मिटवतो. म्हणूनच एक क्रॉस जाम होऊ लागला, किंवा शाफ्टचे दोन तुकडे स्प्लाइनवर (एकमेकांत बसणाऱ्या लांबट दात्यांवर) एक दाता सरकून बसले, की ही बरोबरी बिघडते.

मोबाइलमधील कंपनमापक वापरताना एक मर्यादा ध्यानात ठेवावी. तो सेकंदाला १०० नमुने घेत असेल, तर ५० हर्ट्झच्या वरचे त्याला खरे दिसत नाही. क्रॉसची दुप्पट शोधण्यासाठी मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण करून त्याचा आलेख काढावा. वेग स्पीडोमीटरवरून घेऊ नये, कारण तो सहसा थोडा जास्त दाखवतो. जीपीएसचा वेग घ्यावा. टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा पुढे ढकलावी आणि घेर टेपने मोजावा. हीच नोंद एकदा ॲक्सिलरेटर दाबलेला असताना, एकदा सोडलेला असताना आणि त्याच वेगाला दोन वेगवेगळ्या गिअरमध्ये घ्यावी. गिअर बदलूनही आकडा तोच राहिला, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. आपल्या डिफरन्शियलचे गुणोत्तर किती आहे?

तेलाचा हात

गेली २३ वर्षे मी हेच काम करतो, म्हणून हाताने तपासायच्या गोष्टी लिहितो. मोजपट्टी यांनी सांगितलेली नोंद अवश्य घ्यावी, परंतु शेवटचा निर्णय शाफ्ट टेबलावर आल्यावरच होतो.

भाग किती झिजला आहे, या प्रश्नाइतकाच तो अचानक तुटला तर काय होईल, हाही प्रश्न विचारावा. हाफ शाफ्टचा बाहेरचा जॉइंट बिघडताना बराच काळ आवाज करतो. वळणावर टकटक सुरू होते आणि आपल्याला सावध होण्यास वेळ मिळतो. आतला ट्रायपॉड थरथर वाढवत नेतो. प्रोपेलर शाफ्टचे तसे नाही. त्याचे पुढचे टोक सुटले, तर फिरता शाफ्ट खाली पडतो, जमिनीत रुतू शकतो आणि गाडीच्या तळाला झोडपतो. ब्रेकची आणि इंधनाची नळी तिथूनच गेलेली असते. ड्रॅग रेसिंगमध्ये वेगवान गाड्यांना शाफ्टभोवती लोखंडी सुरक्षा-कडे लावावे लागते, ते याच कारणाने. रबर कपलिंग आणि क्रॉस यांच्याबाबतीत मी संशयाचा फायदा भागाला देत नाही. हाफ शाफ्टच्या जॉइंटला देतो.

रबर कपलिंगच्या भेगा पाहताना त्या केवळ वरच्या सालीत आहेत की आतील दोऱ्यांपर्यंत गेल्या आहेत, हे महत्त्वाचे आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून शाफ्ट हाताने दोन्ही दिशांना पिळावा आणि कपलिंगवर टॉर्च धरावी. भेग उघडून आत धागे दिसले, तर ते कपलिंग त्याच दिवशी निरुपयोगी समजावे. 'ठक्' हा आवाज बहुतेक वेळा इथूनच येतो. तरी गिअरबॉक्सचे आणि डिफरन्शियलचे माउंट (त्यांना गाडीला धरणारे रबरी आधार) तपासल्याशिवाय पूर्ण दोष कपलिंगला देऊ नये.

सेंटर बेअरिंगचे रबर दबले असेल, तर निघतानाच्या थरथरीचा उलगडा तिथेच होतो. टॉर्क एकदम आला की शाफ्टचा मधला सांधा वर उचलला जाऊ पाहतो. रबर त्याला धरून ठेवू शकले नाही, तर तो हलत राहतो आणि वेग वाढल्यावर शांत होतो.

क्रॉसबद्दल आपली शंका अगदी बरोबर आहे. गाडीत असताना प्ले जाणवला नाही, याचा अर्थ क्रॉस चांगला आहे असा होत नाही. शाफ्ट वर्षानुवर्षे जवळजवळ एकाच कोनात फिरतो, त्यामुळे क्रॉसच्या बेअरिंगमधील सुया त्याच्या दांड्यावर एकाच जागी बारीक खाचा पाडतात. शाफ्ट बाहेर काढून जॉइंट सावकाश वाकवला, की मधल्या स्थितीत तो किंचित अडकतो आणि मग सुटतो. हा अडकाव बोटांना जाणवला, तर क्रॉस संपला आहे, मग प्ले शून्य असला तरीही.

ट्रॅकवारी

मी अशाच वर्गातील गाडी पाच वर्षे ट्रॅकवर चालवत आहे, आणि माझा अनुभव निराळा आहे. मी एकेक भाग बदलत गेलो. दर वेळी शाफ्ट उतरवला, दर वेळी नवे बोल्ट घेतले, आणि शेवटी पूर्ण शाफ्ट बदलल्यावरच मन शांत झाले. पहिल्याच दिवशी पूर्ण बदलला असता, तर दोन हंगाम वाया गेले नसते. आपण गाडी खाली घेतली आहे, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टचे कोनही बदलले असणार, आणि टॉर्क २० टक्क्यांनी वाढला आहे. मूळ भाग या भारासाठी बनलेलेच नव्हते. मी असतो, तर मधले बेअरिंगच नसलेला कार्बन फायबरचा एकसंध शाफ्ट बसवला असता. २०१४ मध्ये आलेल्या एम३ आणि एम४ मध्ये बीएमडब्ल्यूने तसाच शाफ्ट दिला होता.

मोजपट्टी

ट्रॅकवारी यांच्या अनुभवाबद्दल आदर राखून दोन ठिकाणी मला मतभेद नोंदवावा लागेल, कारण त्यावर मोठा निर्णय अवलंबून आहे.

पहिला मुद्दा कोनाचा. या गाडीची मागची सस्पेन्शन स्वतंत्र आहे आणि डिफरन्शियल गाडीच्या बांधणीला बसवलेले आहे. त्यामुळे गाडी खाली घेतल्याने प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलत नाहीत, हाफ शाफ्टचे बदलतात. दोन जॉइंटमधील अंतर ४० सेंटिमीटर धरले, तर २५ मिलिमीटरने साधारण साडेतीन अंशांचा फरक पडतो. हा फरक जॉइंटच्या क्षमतेत बसतो, तथापि त्यामुळे आत थोडी अधिक उष्णता निर्माण होते आणि बूटच्या घड्या एका बाजूने अधिक दुमडतात. ज्या गाडीत मागचा ॲक्सल एकसंध असतो आणि डिफरन्शियल त्याच्यासोबत वर-खाली होते, तिथे ट्रॅकवारी यांचे म्हणणे बरोबर ठरले असते. इथे प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडवणारी गोष्ट एकच: बसलेले माउंट.

दुसरा मुद्दा भाराचा. ४८० न्यूटन-मीटरला पहिल्या गिअरच्या ४.१ या गुणोत्तराने गुणले, तर शाफ्टवर कागदोपत्री सुमारे १,९७० न्यूटन-मीटर येतात, आणि ३.१५ चे डिफरन्शियल धरले तर प्रत्येक हाफ शाफ्टवर ३,१०० च्या आसपास. प्रत्यक्षात एवढा भार टिकून राहत नाही, कारण त्याआधीच टायर घसरतो. मागच्या एका चाकावर ४५० किलोचे वजन, रस्त्यावरील पकड १.० आणि चाकाची त्रिज्या ३२ सेंटिमीटर धरली, तर टायर सुमारे १,४०० न्यूटन-मीटरच झेलू शकतो. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये मूळ टॉर्क आणि वाढवलेला टॉर्क यांत हाफ शाफ्टला फारसा फरक कळत नाही. फरक कळतो तो ट्रॅकवर चिकट टायर लावल्यावर. पकड १.३ झाली, की तोच आकडा १,८०० च्या पुढे जातो, आणि दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा संपूर्ण टॉर्क शाफ्टमधून जाऊ लागतो. त्यामुळे रीमॅप कोणता आहे, यापेक्षा आपण कोणते टायर लावता आणि निघताना मागची चाके उड्या मारतात का, हे मी आधी विचारेन. चाक उडी मारून पुन्हा पकड घेते तेव्हाचा धक्का या सगळ्या गणितापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि जॉइंटमधील गोळ्या धरणारे पिंजरे व शाफ्टचे स्प्लाइन तोच फोडतो.

एकसंध शाफ्टबद्दलही एक इशारा द्यावासा वाटतो. फिरणाऱ्या नळीला तिची स्वतःची वाकण्याची वारंवारता असते, आणि त्या गतीला पोहोचली की ती धनुष्यासारखी वाकू लागते. ही गती लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. लांबी दुप्पट केली, तर ती चौथाईवर येते. मधले बेअरिंग घालून कारखान्याने शाफ्टचे दोन तुकडे केले, ते मुख्यतः यासाठी. कार्बन फायबर हलके आणि ताठ असल्याने एकसंध शाफ्ट शक्य होतो, हे खरे आहे. मात्र तो नेमक्या आपल्या लांबीसाठी आणि आपल्या कमाल वेगासाठी बनवलेला असला पाहिजे. केवळ लोखंडी लांब नळी घालून मधले बेअरिंग काढून टाकण्याचा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

सहावा गिअर

सर्वांचे आभार. डिफरन्शियल ३.१५ चेच आहे, आणि मागच्या टायरचा घेर मोजला तो २.०२ मीटर आला. ट्रॅकवर मी निमचिकट टायर वापरतो. सुरुवातीच्या हंगामात निघताना चाके उड्या मारत असत, आता मी तसे निघत नाही.

जीपीएसवर ताशी ११० किलोमीटर स्थिर ठेवून चौथ्या आणि सहाव्या गिअरमध्ये नोंदी घेतल्या. गणिताने चाकाची गती १५.१ हर्ट्झ, ट्रायपॉडची तिप्पट ४५.४, प्रोपेलर शाफ्ट ४७.७ आणि त्याची दुप्पट ९५.३ येते. इथे एक अडचण जाणवली. ३.१५ हे गुणोत्तर ३ च्या इतके जवळ आहे, की ट्रायपॉडचा दोष आणि शाफ्टचा असमतोल आलेखावर जवळजवळ एकाच जागी येतात. पहिल्या नोंदीत मला तिथे एकच जाड टेकडी दिसली. मग वेग अगदी स्थिर ठेवून दहा-दहा सेकंदांच्या नोंदी घेतल्या, तेव्हा टेकडीचे टोक ४७.६ ला स्पष्ट झाले आणि ४५ च्या आसपास जवळपास काहीच उरले नाही. मायक्रोफोनच्या नोंदीत ९५ हर्ट्झला उंच टोक आहे. ॲक्सिलरेटर सोडला, की ते निम्म्याहून खाली येते. ४७.६ चे टोक मात्र दोन्ही वेळी जवळपास तेवढेच राहते. दोन्ही गिअरमध्ये आकडे सारखेच आले.

कपलिंग पिळून पाहिले. दोन भेगांमध्ये धागे दिसतात.

मोजपट्टी

फार उत्तम नोंद आहे. ४५ हर्ट्झला काही नाही आणि भार बदलूनही ४७.६ टिकून आहे, याचा अर्थ आतले ट्रायपॉड बहुधा निर्दोष आहेत. दोन्ही हाफ शाफ्ट बदलण्याचे कारण इथेच संपते. ४७.६ म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा असमतोल, किंवा बसलेल्या कपलिंगमुळे आणि मधल्या रबरामुळे त्याचे अक्षावरून सरकणे. भार पडल्यावर वाढणारे ९५ चे टोक मधल्या किंवा मागच्या क्रॉसकडे बोट दाखवते.

तेलाचा हात

आता काम ठरवता येईल. कपलिंग, त्यातील मध्य साधणारी बुश, सेंटर बेअरिंग आणि सर्व बोल्ट हे भाग आताच मागवा. शाफ्ट उतरवणारच आहात, तर यातील काहीही जुने परत बसवू नका. क्रॉस आणि शाफ्टची नळी यांचा निर्णय टेबलावर घ्या.

पूर्ण शाफ्ट बदलायचा की दुरुस्त करायचा, हे नळी आणि स्प्लाइन ठरवतात, क्रॉस नव्हे. नळीवर पोचा असेल, डायल गेजवर तिचा डगमग उत्पादकाच्या मर्यादेबाहेर असेल, किंवा दोन तुकडे जोडणाऱ्या स्प्लाइनमध्ये हाताला जाणवणारा प्ले असेल, तर नवा शाफ्ट घ्या आणि त्यावर अधिक विचार करू नका. नळी सरळ आणि स्प्लाइन घट्ट असतील, तर क्रॉस नवे बसवून शाफ्ट मूळ गुणवत्तेचा करता येतो. अनेक गाड्यांत क्रॉसच्या वाट्या धातू ठोकून पक्क्या केलेल्या असतात, सर्क्लिप (वाटी अडवणारी स्प्रिंगची कडी) नसते. असा क्रॉस घरी हातोडीने काढू नये. वाट्या बरोबर मध्यावर आणणारा आणि नंतर दोन्ही तुकडे जोडून, पूर्ण शाफ्ट बॅलन्सिंग मशिनवर फिरवून देणारा कारागीरच निवडावा. क्रॉस मध्यापासून ०.१ मिलिमीटर जरी सरकला आणि शाफ्टचे ५ किलो वजन त्याच्यासोबत सरकले, तरी होणारा असमतोल नळीच्या पृष्ठभागावर १० ग्रॅमचे वजन चिकटवण्याहून अधिक असतो. असमतोलाचा जोर गतीच्या वर्गाने वाढतो. ते १० ग्रॅम मिनिटाला ३,००० फेऱ्यांना साधारण ४ किलोचा झटका देतात, तर ६,००० ला १६ किलोचा. हा झटका प्रत्येक फेऱ्यात एकदा बसतो.

उजव्या बाहेरच्या जॉइंटबद्दल माझे मत ठाम आहे. मूळ कारखान्याचा जॉइंट निरोगी असेल, तर तो साफ करून, नवे ग्रीस आणि नवे बूट घालून परत बसवावा. संपूर्ण नवा, पण हलक्या दर्जाचा हाफ शाफ्ट बसवून लोक चांगला भाग काढतात आणि वाईट भाग घालतात. ट्रॅकवरच्या उष्णतेत तो फरक काही महिन्यांत उघडा पडतो. सहा गोळ्यांची ही रचना अल्फ्रेड झेपा यांनी १९२० च्या दशकात मांडली, आणि तिचे आयुष्य ग्रीस स्वच्छ राहण्यावर आहे. जुने ग्रीस चिमटीत घेऊन चोळा. काळे पण गुळगुळीत असेल, तर चिंता नाही. वाळूसारखे कण लागले, किंवा गोळ्यांच्या चरीत नखाला अडणारे खळगे असले, तर जॉइंट बदला. बाहेरच्या जॉइंटचे आणि ट्रायपॉडचे ग्रीस बऱ्याचदा वेगळे असते, त्यामुळे बूटसोबत आलेलेच, आणि सांगितलेल्याच मापाने भरा.

उतरवण्यापूर्वी प्रत्येक फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या धातूच्या चकतीवर) आणि स्प्लाइनच्या दोन्ही बाजूंवर रंगाची रेघ ओढा. कपलिंगचे बोल्ट आवळताना धातूच्या फ्लँजकडची बाजूच फिरवा, रबराकडची धरून ठेवा. उलट केले, तर नवे कपलिंग पहिल्याच दिवशी पिळले जाते. हबचे मोठे नट नवेच वापरा, आणि ते सैल असताना गाडी चाकावर उतरवून हलवू नका, हब बेअरिंगला इजा होते.

मागचा गिअरबॉक्स

मूळ चर्चेत थोडी भर घालून एक प्रश्न विचारतो. माझ्या गाडीत गिअरबॉक्स मागे, डिफरन्शियलला जोडून आहे, आणि शाफ्ट एका जाड नळीच्या आत फिरतो. तिथेही हीच पद्धत चालेल का?

मोजपट्टी

गणिताची पद्धत तीच आहे, आकडा मात्र बदलतो. पोर्शे ९२८ आणि ९४४ मध्ये, तसेच १९९७ पासूनच्या पाचव्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये हीच रचना आहे. तिथला शाफ्ट गिअरबॉक्सच्या आधी असल्याने इंजिनाच्या गतीनेच फिरतो. त्यामुळे त्याचा दोष वेगाशी नव्हे, तर इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला असतो, आणि बहुतेक वेळा गाडी उभी असतानाही ऐकू येतो. गिअर बदलून त्याच वेगाला आकडा बदलला, तर आपला संशय योग्य आहे. मात्र नळीतील बेअरिंग आणि कपलिंग पाहण्यासाठी बरेच काही उतरवावे लागते, म्हणून तिथे नळी उघडली, की आतील सर्व रबरी भाग आणि बेअरिंग एकदमच बदलावेत.

सहावा गिअर

काम पूर्ण झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

शाफ्ट टेबलावर घेतला तेव्हा मधला क्रॉस मधल्या स्थितीत स्पष्ट अडकत होता; डोळे मिटून वाकवला तरी ती जागा सापडत होती. मागचा क्रॉस मोकळा होता. गाडीत असताना दोघांतही प्ले शून्य होता, आणि त्या एका तपासणीवर विसंबलो असतो, तर मी शाफ्ट तसाच ठेवला असता. नळीचा डगमग ०.२ मिलिमीटर निघाला, स्प्लाइन घट्ट होते. म्हणून शाफ्ट बदलला नाही. दोन्ही क्रॉस नवे बसवून घेतले आणि पूर्ण शाफ्ट जोडलेल्या अवस्थेत बॅलन्स करून घेतला. काढलेल्या मधल्या क्रॉसच्या दांड्यांवर सुयांच्या समांतर खाचा नखाला लागतात.

उजव्या बाहेरच्या जॉइंटमधील ग्रीस काळे झाले होते, पण त्यात कण नव्हते. चरी चकचकीत होत्या, खळगे नव्हते. तो जॉइंट धुऊन, ग्रीस भरून, नव्या बूटसह परत बसवला. गिअरबॉक्सचे माउंट हलके बसलेले होते, तेही बदलले. डिफरन्शियलचे माउंट ठीक आहेत.

पहिल्या फेरीत 'ठक्' पूर्णपणे गेला होता, परंतु निघतानाची थरथर थोडी उरली होती. त्या रात्री मी खरोखर अस्वस्थ होतो, कारण सगळे भाग नवे होते. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मॅन्युअल पुन्हा वाचले, तेव्हा ध्यानात आले, की सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट मी रबर मोकळे असताना, आहे त्या जागी आवळला होता. मॅन्युअलनुसार तो काही मिलिमीटर पुढे ढकलून, म्हणजे रबरावर ताण देऊन आवळायचा असतो. बोल्ट सैल करून, खुणेपासून मोजून ब्रॅकेट पुढे घेतला. त्यानंतर थरथर एकदाही आली नाही.

त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला पुन्हा नोंद घेतली. ९५ हर्ट्झचे टोक आता रस्त्याच्या आवाजात मिसळून गेले आहे. ४७.६ ला अजून एक लहान टोक आहे, पूर्वीच्या साधारण पाचव्या भागाएवढे. ते पाठीला जाणवत नाही. ही नोंद तारीख आणि किलोमीटरसह जपून ठेवली आहे. पुढची नोंद तिच्याशी ताडून पाहीन.

ट्रॅकवारी

कोनाबद्दलची माझी समजूत चुकीची होती, हे मान्य करतो. माझ्या गाडीचे माउंट मी कधीच तपासले नव्हते, ते या आठवड्यात पाहतो. माझ्या जुन्या शाफ्टचे क्रॉसही अजून कोपऱ्यात पडलेले आहेत. आपण सांगितल्याप्रमाणे वाकवून पाहिले, तर त्यातील एक मध्यावर अडकतो.

तेलाचा हात

उत्तम काम झाले. आता प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून फ्लँजवर येईल अशी रंगाची एक बारीक रेघ ओढा. पहिल्या ट्रॅक दिवसानंतर गाडी लिफ्टवर घेतली, की टॉर्क पाहण्यासाठी बोल्ट सैल करून पुन्हा आवळू नका. यातील बरेच बोल्ट एकदाच ताणायचे असतात. रेघ तुटलेली किंवा सरकलेली दिसली, तरच तो बोल्ट काढा, आणि त्या जागी नवा घाला.